वाळूच्या पोटात

नदीला तेल आलंय, असं भागूबाई दारातून ओरडली, आणि इतकी हरखून ओरडली की बिस्मिल्लाला वाटलं, नदीला मासळीच लोटली असावी.

दिवस लढाईचे होते. रॉकेल मिळायचं ते तालुक्याला हेलपाटे घालून, आणि तेही औषधासारखं. दिवस मावळला की करंजवाडी चुलीच्या उजेडात चार घास खायची आणि डोळे मिटायची. अशा गावाला प्रवरामाईनं आपणहून तेल आणून दिलं म्हटल्यावर घरात कोण बसणार? घागरी, तपेली, कान तुटलेली भगुणी, जे हाती लागेल ते घेऊन बाया घाटाकडं पळत सुटल्या.

बिस्मिल्ला घागर घेऊन गेली ती पाण्यासाठी. घाटावर जाऊन ती उभीच राहिली. काकवीसारखा दाट काळा थर धारेवरून सावकाश सरकत होता, आणि त्याच्या कडेला मोराच्या पिसासारखे रंग फुटत होते. वास असा की नाकातून थेट डोक्यात जात होता. काठाच्या लव्हाळ्याला काळं फासल्यासारखं झालं होतं, आणि त्यात बोटभर मासळी पोट वर करून अडकली होती.

"अगं भाभी, बघत काय बसलीस? भर की!" भागूबाई कोपरापर्यंत काळी झाली होती. "वरच्या टाक्या फुटल्यात म्हनं. देवानं दिलंय. ठेकेदाराच्या बापाचं काय जातंय?"

वरच्या टाक्या म्हणजे पुलाजवळच्या. लढाई सुरू झाल्यापासून तिथं एका ठेकेदारानं लष्कराला लागणारं जळणाचं तेल साठवायला लोखंडी टाक्या उभ्या केल्या होत्या. तोटी उघडी राहिली की टाकीचा तळ गंजून फुटला, हे शेवटपर्यंत कुणी धड सांगितलं नाही. तेल नदीत आलं एवढं खरं.

त्या संध्याकाळी गावभर दिवे लागले, म्हणजे लावायचा प्रयत्न झाला. तेल आधी पेटेना, आणि पेटलं तेव्हा असा धूर झाला की सकाळी अख्ख्या गावाच्या नाकपुड्या काळ्या होत्या. कुणी शहाण्यानं गोचीड मरतील म्हणून बैलाला तेल चोपडलं, तर बैलाचे केस झडून आत लाल कातडं दिसायला लागलं. देवानं दिलेलं तेल मग लोकांनी गुपचूप गटारीत ओतलं आणि ठेकेदाराला शिव्या द्यायला सुरुवात केली.

बिस्मिल्लाचा नवरा लालमहंमद मात्र पहिल्या दिवसापासून फक्त नदीतल्या आपल्या कलिंगडाच्या वाडीकडं बघत होता.

बागवानाची जात. गावात बाकीच्यांना जमीन होती, ह्यांना वाळू होती. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की घाटाच्या खालच्या अंगाला वाळूत कमरेइतके खड्डे घ्यायचे, तळाशी शेणखत घालायचं आणि कलिंगडाचं बी टोचायचं. वेल पसरायला लागले की खाली वाळकं गवत अंथरायचं. वारा सुटला की वेलाला त्याचा आधार होतो. मग रोज सकाळ-संध्याकाळ वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी मडक्यानं एकेका आळ्याला. चैत्रात फळं निघाली की वर्ष निघालं. नाही निघाली तर दुसरं काही नाही. घरातली हांडी ह्या वाळूवरच शिजत होती.

तेल आलं तेव्हा फळं लिंबाएवढी झाली होती. धार वाडीपासून हातभर लांबून वाहत होती, म्हणून वेल वाचले होते. पण झिऱ्याच्या तोंडाशी तेल टेकलं होतं.

"झिऱ्यात येनार न्हाई," लालमहंमद म्हणाला. वाळूवर तळवा टेकून तो उकिडवा बसला होता. "वाळू मंजे चाळन हाय. पुराचं गढूळ पानी गाळून देती, हे काय तेल न्हाई गाळायची?"

आणि त्याचं म्हणणं सगळं गाव मानायचं. उन्हाळ्यात झिरा कुठं खणायचा हे त्यालाच विचारायचे. तो वाळूवर असा तळवा ठेवायचा, दोन पावलं सरकायचा, परत ठेवायचा, आणि म्हणायचा, "हितं." आणि तिथं पाणी लागायचं. गावात त्याला बैल नव्हता की बांध नव्हता, पण एवढा मान होता, आणि तो ह्या मानावर जगत होता.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ठेकेदाराची लॉरी आली. तिच्यातून शामकांतराव उतरले. टाक्यांवरचे ओव्हरसियर. डोक्याला सोला टोपी, तेल लागू नये म्हणून पँट वर खोचलेली. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. लष्कराचे मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि त्याच्या आत नदी स्वच्छ दिसायला पाहिजे होती.

"नदीची माहिती कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

रंगनाथ पाटलानं लालमहंमदाकडं बोट दाखवलं.

मग जे झालं ते बिस्मिल्ला लव्हाळ्याआडून बघत होती. शामकांतरावांनी लॉरीतून घडीची खुर्ची काढायला लावली, वाळूत मांडली आणि म्हणाले, "बसा लालूभाई."

जन्मात त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. तो टोकावर टेकला. खुर्चीचे पाय एका अंगाला वाळूत रुतले, तसा तोही तिरका झाला, पण उठला नाही. बिस्मिल्लाला हसू आलं, आणि हसता हसता तिचा ऊर भरून आला.

"तेल आडवायचं सोपं हाय, सायेब," तो सांगत होता. "घाटाच्या वरल्या वळनावर धार निमुळती होती. लव्हाळ्याच्या पेंढ्या दोरानं बांधायच्या आन आडव्या सोडायच्या. तेल तरंगतंय, ते पेंढीला आडतंय. आमी बाया-मानसं ते काढू."

"काढाल. पण ठेवणार कुठं? माळावर वाहून न्यायचं तर गाड्या किती लागतील! जाळावं तर ह्या वाऱ्यात तुमच्या गंजी पेटतील."

लालमहंमदानं पायानं वाळू उकरली.

"हितंच पुरा की. वळनाला वाळू पुरुसभर खोल हाय. वाळूच्या पोटात सगळं जिरतंय. ती गाळून घेती."

"नक्की?"

"माझी हयात हिच्यात गेली, सायेब."

शामकांतरावांचा चेहरा असा खुलला की जणू टाकी पुन्हा भरली.

बिस्मिल्लाच्या मनात मात्र एक गाडगं आलं. तेलाचं गाडगं. त्याला कितीही राख लावा, उन्हात घाला, त्यात पाणी भरता येत नाही. महिन्यांनी बघा, बाहेरून घामेजल्यासारखं तेलकटच. मग वाळू काय आणि माती काय. तेल कुठं जिरतं? ते वाट बघत बसतं.

हे तिनं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याला चारचौघांत खाली ओढायचं तिच्या जिवावर आलं. एवढी खुर्ची बघू दे मला, असं तिला वाटलं. ती गप्प बसली.

वळणावर काम लागलं. पुरुष खड्डे घेत होते, बाया पेंढ्या सोडत आणि ओढत होत्या. तेल प्यायलेली पेंढी म्हशीच्या रेडकासारखी जड व्हायची. ती छातीशी धरून काढावी लागे, आणि लुगड्यावरून तेल आत अंगाला लागे. संध्याकाळी अंग चुरचुरायचं. बोटांच्या बेचक्यात चिरा पडल्या. भाकरी थापली की भाकरीला वास, लेकरू जवळ घेतलं की ते तोंड फिरवायचं. भागूबाईच्या मांड्यांना गांधी उठल्या. ती चालताना पाय फाकवून चालायची आणि स्वतःच स्वतःला हसायची, "बघा गं, मी पोटुशी बदक झाले."

लालमहंमदाला शामकांतरावांनी मुकादम केलं आणि गळ्यात शिट्टी घातली. चकचकीत पितळेची शिट्टी, काळ्या दोरीत ओवलेली. शिट्टी वाजली की पेंढी सोडायची, शिट्टी वाजली की ओढायची. पहिल्या दिवशी त्याला लाजच वाटत होती. चार दिवसांत तो घरातही शिट्टी गळ्यात घालून जेवायला लागला.

"वाजवा की, मंजे कोरड्यास वाढते," बिस्मिल्ला म्हणाली. तो हसला. त्या दिवसांत तो फार हसायचा.

खालच्या गावातून तिचा भाऊ गनीभाई आला. तोही बागवान, त्याचीही वाडी ह्याच नदीत, तासाभराच्या वाटेवर. ह्यांच्या पेंढ्यांखालून निसटलेलं तेल त्याच्या घाटाला लागलं होतं.

"आपा, आमच्याकडं ना लॉरी ना सायेब. आमी काढतोय हातानं. पर टाकावं कुठं?"

लालमहंमद वळणावर शिट्टी वाजवत होता. बिस्मिल्लानं तिकडं मान केली आणि तोऱ्यात म्हणाली, "वाळूत पुरा. तुझे भाऊजी म्हनत्यात, वाळू गाळून घेती. सायबानंबी मानलंय त्यांचं."

तेलाचं गाडगं त्या वेळी तिला आठवलंसुद्धा नाही. मानाची नशा चढायला माणसानं स्वतः खुर्चीवर बसायलाच पाहिजे असं नाही.

मोठे साहेब आले तेव्हा वळणावर पांढरीशुभ्र वाळू पसरलेली होती. शामकांतरावांनी ती फळीनं सारखी करून घेतली होती. साहेब फळ्यांवरून चालले, खाली उतरले नाहीत. त्यांनी इंग्रजीत काही विचारलं.

"पाणी पिण्याजोगं आहे का, विचारतायत," शामकांतराव म्हणाले.

लालमहंमद घाटाखालच्या झिऱ्यापाशी गेला, पितळी तांब्या बुडवला, सगळ्यांसमोर उभ्यानं घटाघटा प्याला आणि तांब्या पालथा करून दाखवला. पाणी खरंच स्वच्छ होतं. तेल अजून वाटेत होतं. साहेबांनी मान हलवली. गावानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत सगळ्यात मोठी टाळी रंगनाथ पाटलाची होती.

फाल्गुन आला. वाडी अशी धरली की दृष्ट लागावी. लिंबाएवढी फळं नारळाएवढी झाली, मग घागरीएवढी. लालमहंमद रोज त्यांच्यावर टिचकी मारून कान लावायचा.

"आन गंमत बघ," तो म्हणाला. "ह्या साली एक कोल्हं फिरकलं न्हाई. दर साली राखन करून जीव जातो आपला."

बिस्मिल्लाच्या हातातलं मडकं जागीच थांबलं. कलिंगडाला पहिला दात लावतो तो कोल्हा. पिकलं कुठलं आणि कच्चं कुठलं हे बागवानाच्या आधी त्याला कळतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात, पण कलिंगड सोडलेला कोल्हा तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती वाडीच्या कुंपणाभोवती फिरली. वाळूत ठसे होते. कुंपणापर्यंत येऊन, तिथं घुटमळून, कोल्हे परत गेले होते.

त्या दिवशी तिनं झिऱ्यात निरखून पाहिलं. वरून सूर्य आला तेव्हा पाण्यावर निळसर साय दिसली. बोट लावलं तर साय दुभंगली आणि परत मिळाली. पाण्याला तेलाचा वास येतोय, असं तिनं नवऱ्याला सांगितलं.

"नदीचाच वास लागून राह्यला आसंल," तो म्हणाला. पण त्यानं झिऱ्यात बघितलं नाही.

उन्हं तापली, नदीची धार आटली, तसं वळणाच्या वाळूच्या पोटातलं तेल पाण्यामागं खाली निघालं. मग गावाचेही झिरे बिघडले. गुरं पाण्याला तोंड लावायची आणि मान उडवून मागं व्हायची. भागूबाईच्या नातवाला उलट्या लागल्या. डाळ शिजेना, शिजली तर खाववेना. लोकांनी जागा बदलून नवे झिरे घेतले. लालमहंमदानं तळवा टेकून जागा दाखवली, आणि तिथंही तेच पाणी लागलं. दुसऱ्या वेळी त्याला कुणी विचारलं नाही.

मग सगळे टाक्यांवर गेले. पुढं पाटील, मागं चार-पाच जण, त्यांच्या मागं लालमहंमद. पुरावा म्हणून झिऱ्याचं पाणी न्यायचं ठरलं, आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन एवढं चालणार कोण, तर बिस्मिल्ला.

बिस्मिल्लानं घागर कमरेवर घेतली, आणि शामकांतरावांनी तिच्यात डोकावून पाहिलं. रुमाल नाकाला लावला.

"थोडा तवंग आहे," ते म्हणाले.

"थोडा?" पाटील म्हणाला. "ल्येकरं वकत्यात, सायेब."

"पाटील, मी माळावर न्यायचं म्हणत होतो. तुमच्याच माणसानं जागा दाखवली, तुमच्याच गावानं खड्डे घेतले, आणि मोठ्या साहेबांसमोर पाणी पिऊन दाखवलं तेही तुमच्याच माणसानं. आता मी वर काय तोंड दाखवू?" ते चिडले नव्हते. समजावून सांगत होते, आणि त्यानंच जास्त लागत होतं. मग त्यांची नजर लालमहंमदाच्या गळ्याकडं गेली. "आणि ती शिट्टी दे रे. ती इथली आहे."

त्यानं दोरी डोक्यावरून काढली. ती टोपीत अडकली, टोपी खाली पडली. टोपी आधी उचलावी की शिट्टी आधी द्यावी हे त्याला कळेना. बोडक्या डोक्यानं, दोन्ही हात पुढं करून त्यानं शिट्टी दिली. बिस्मिल्लानं खाली वाकून टोपी उचलली, आणि तेव्हा तिच्या कमरेवरची घागर हिंदकळून ओंजळभर पाणी खाली सांडलं.

"ए बाई!" पहारेकरी धावत आला. "आवारात पाणी सांडायचं नाही. तेलकट आहे ते. बाहेर ने."

टाकी नदीत सांडणाऱ्यांच्या अंगणात तिला घागरभर पाणी ओतायला जागा नव्हती. ती ते परत डोक्यावरून गावापर्यंत घेऊन आली. वाटेत पाटील मागं वळून लालमहंमदाला म्हणाला, "हयात गेली म्हनं वाळूत!"

वाडीचं पहिलं फळ जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, चिंचेखालच्या पिरापुढं कापायचं, अर्धं पिराला, अर्धं महादेवाला, आणि मग गावाच्या हातावर एकेक फोड, ही बापजाद्यांची रीत. फोड खाल्ली की गाव म्हणायचं "गोड हाय", आणि मग फळं बाजाराला निघायची. गावानं गोड म्हटल्याशिवाय बागवान एक फळ विकत नाही.

त्या जुम्मेरातीला कुणी येणार नाही असं लालमहंमदाला वाटलं होतं. सगळं गाव आलं.

"काप," रंगनाथ पाटील म्हणाला.

त्यानं कापलं. आत लालबुंद. काळ्याभोर बिया. इतकं देखणं फळ त्याच्या वाडीला कधी आलं नव्हतं. त्यानं पहिली फोड स्वतः तोंडात घातली. दरवर्षी तो ती शेवटी खायचा. बिस्मिल्ला त्याच्या गळ्याकडं बघत होती. घास बराच वेळ तोंडात फिरला, मग गळ्याची गाठ वर झाली आणि खाली गेली.

"गोड हाय," तो म्हणाला.

कुणी हलेना. मग भागूबाईचा नातू, आजारातून उठलेला, हाडकुळा झालेला, त्यानं हात पुढं केला. पोराला लाल रंग दिसत होता, बाकी काही नाही. लालमहंमदाच्या हातातली फोड त्याच्याकडं निघाली, अर्ध्यावर थांबली, आणि त्यानं बायकोकडं पाहिलं. त्या नजरेत एवढंच होतं की, तू तरी गप्प बस.

एकदा ती गप्प बसली होती. तिनं पुढं होऊन ती फोड घेतली, चावली आणि थुंकली.

"त्याल लागतंय," ती म्हणाली.

लालमहंमद खाली बसला. वाडी गेली हे त्याला पिरापुढं, बायकोच्या तोंडून, सगळ्या गावादेखत कळलं. त्याला ते आधीच ठाऊक होतं, पण आता ते झालं.

मग गावाचा निवाडा झाला, उभ्या उभ्याच. वळणावरचं सगळं तेलकट उकरून काढायचं. माळ सगळा ठेकेदाराकडं, आणि आपल्या शेतात कुणी टाकू देईना. मग पाटील म्हणाला, "ह्याच्या वाडीत टाका. ती आपल्या झिऱ्यांच्या खाली हाय. न्हाईतरी फळ वायाच गेलं."

"आन पाऊस झाल्यावर?" बिस्मिल्लानं विचारलं. "वाडी नदीतच हाय, पाटील. ते समदं खालच्या गावाला जाईल."

"खालच्या गावाचं खालचं गाव बघंल."

म्हणजे वरून आलेलं खाली ढकलायला करंजवाडीही शिकली. ठेकेदारानं एवढी एक गोष्ट मात्र गावाला फुकट दिली होती.

दुसऱ्या दिवशी उकरायला तीच माणसं होती, तेच खड्डे, त्याच पाट्या. शिट्टी नव्हती, तरी काम चटाचट होत होतं. वाळू डांबरासारखी काळी होऊन बाहेर येत होती. सगळ्यात खोल खड्ड्यात लालमहंमद उतरला होता. त्याला कुणी उतर म्हटलं नव्हतं. फावडं मारताना तो वर बघत नव्हता, आणि कालपासून तो बिस्मिल्लाशी एक शब्दही बोलला नव्हता.

पहिली पाटी तिच्या डोक्यावर आली. वाडीत कुठं ओतावी म्हणून ती क्षणभर थांबली. हिरवेगार वेल, पानांआड पडलेली टपोरी फळं. प्रत्येक आळं तिनं हातानं भरलं होतं, प्रत्येक आळ्याला तिनं रोज पाणी घातलं होतं. त्या पाण्यानंच फळं मेली होती, हे तिला ओततानाही विसरता येईना. काळी वाळू पानांवर पडली तसे वेल खाली बसले. मागून भागूबाईनं आपली पाटी ओतली, मग साळूबाईनं.

"मला माफ कर गं," भागूबाई म्हणाली.

"तू कशापायी?" बिस्मिल्ला म्हणाली. "पानी तुमचंबी हाय."

दुपारपर्यंत अर्धी वाडी काळी झाली. बिस्मिल्लानं रिकामी पाटी कुंपणाला टेकवली, पदर डोक्यावर ओढला आणि ती नदीनं खाली चालू लागली.

"कुठं चाललीस?" भागूबाईनं विचारलं.

"म्हायेरी."

वाळू तापली होती. चालता चालता ती मनाशी जुळवत होती की गनीला कसं सांगायचं. आमचं चुकलं. वाळू गाळत न्हाई. पुरलेलं उकर, तुझी फळं भरायच्या आत उकर. तिथं अजून वेळ असेल. ती वाडी उशिरा लागली होती. आणि कदाचित गनीनं पुरलंच नसेल. तो आळशी आहे पहिल्यापासून, तसंच कुठं काठावर टाकून दिलं असेल. भावाच्या आळसासाठी तिनं वाटभर अल्लाची करुणा भाकली.

गनीभाईची वाडी लांबूनच हिरवीगार दिसली. झोपडीच्या सावलीत तो दोर वळत बसला होता. बहिणीला बघून तो उठलाच.

"आपा! उन्हाची आलीस? सरवरी, पानी आन गं, आपा आलीया."

"गनी," ती म्हणाली, तिला धाप लागली होती, "ते तेल... कुठं टाकलं तू?"

"टाकतोय कुठं? तूच सांगितलं हुतंस की! हे बघ, झिऱ्याच्या वरल्या अंगाला चांगला खोल खड्डा मारला, भाऊजींनी मारला तसाच. गावानं नावाजलं मला. बागवानाशिवाय कुनाला सुचलं आसतं, म्हनाले." तो हसला. "आळशी आळशी म्हनायचीस ना? ह्या डाव थेंब ठिवला न्हाई काठावर."

गनीच्या बायकोनं, सरवरीनं, तांब्या आणून तिच्या हातात दिला. माहेरचं पाणी. तांब्याच्या तोंडात आभाळाचा तुकडा पडला होता, आणि त्याच्या कडेला बारीक निळसर साय होती.

"पी की आपा," सरवरी म्हणाली. "थंडगार हाय."

"आन पीक बघितलंस?" गनीभाई वाडीकडं हात करून म्हणाला. त्याचा चेहरा तिच्या नवऱ्यासारखा दिसत होता, फाल्गुनातल्या. "लवकर भरली फळं. येत्या जुम्मेरातीला पिराला कापायचं. आन गंमत मंजे, ह्या साली एक कोल्हं फिरकलं न्हाई."

बिस्मिल्लानं तांब्या तोंडाला न लावता खाली वाळूवर ठेवला. वाटभर जुळवलेलं सगळं तिच्या तोंडातून नाहीसं झालं. बोलून हा माणूस मानणार नाही. तिचा नवरा तरी झिऱ्यात बघितल्याशिवाय कुठं मानत होता, आणि तो तर बघतही नव्हता.

"गनी," ती म्हणाली, "येक फळ काप. जुम्मेरातीची वाट बघू नको. आत्ता काप, मी हाय तवर."

बहिणीला फळ खायची हौस आली, असं वाटून गनीभाई हसत हसत सुरी आणायला झोपडीत गेला.